खाली जाताना बोललेलं

जहाजावरून,
९ जानेवारी

मामा,

पोचले आणि कामालाही लागले. फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. इथून फोन लागतो, पण तुला तो ऐकू येत नाही, आणि मी डेकवर उभी राहून "हॅलो, अरे मी बोलतेय, मी!" असं केकाटायला लागले की खलाशी हातातलं काम टाकून बघत बसतात. त्यापेक्षा हे बरं. उपग्रहाची जोडणी जवळजवळ सगळी यंत्राच्या चित्रांसाठी राखून ठेवली आहे. आमच्या वाट्याला दिवसातून एकदा नुसता मजकूर. तू एका बोटाने टाइप करतोस ते चालेल, मला घाई नाही.

मी नक्की काय करते असं निघताना विचारलं होतंस आणि तेवढ्यात टॅक्सी आली. तर ऐक. छोट्या टेंपोएवढं एक यंत्र आहे. त्याला दिवे, कॅमेरे, दोन लोखंडी हात आणि पाठीवर पिवळ्या फोमचा मोठा ठोकळा, म्हणजे ते दगडासारखं बुडू नये. आत माणूस नसतो. ते जाड केबलने जहाजावरच्या विंचला, म्हणजे केबल सोडायच्या-गुंडाळायच्या मोठ्या रहाटाला, बांधलेलं असतं, आणि मी वर डेकवरच्या एका बिनखिडकीच्या लोखंडी खोलीत पडद्यांसमोर बसून ते चालवते. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आहे. आम्ही त्याला म्हैस म्हणतो, कारण पाण्यात सोडलं की सुखाने डुंबतं आणि बाहेर काढायचं म्हटलं की नखरे करतं. केबल म्हणजे अर्थातच दावं.

सध्या म्हशीच्या समुद्रातल्या चाचण्या चालू आहेत. आधी उथळ पाण्यात, मग खोल, शेवटी सहा हजार मीटर. तिथे जाऊन, नेमून दिलेली कामं करून ती धड परत आली की पास. मग माझं जहाजावरचं काम संपलं. ठरल्याप्रमाणे मी किनाऱ्यावरच्या वर्कशॉपमध्ये बदली घेणार आणि घरी येणार. मामी गेल्यापासून तू एकटा आहेस, ते मला बरं वाटत नाही.

नीट जेवतोस ना?

घुमी


घरून,
११ जानेवारी

घुमे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मला कळलं ते एवढंच, की मी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला आणि तू तीच लिफ्ट समुद्रात नेऊन सोडलीस. केबल आहे, विंच आहे, खाली जाणं आहे, वर येणं आहे. फरक इतकाच की माझ्या लिफ्टमध्ये माणसं अडकायची आणि माझ्या नावाने शंख करायची. तुझी म्हैस बिचारी मुकी. मोटारींच्या खोल्यांत माझे कान गेले, तुझे तरी जपून ठेव.

आता इकडची बातमी. तुझ्या खोलीला रंग दिला. तुझी खोली म्हणजे तुझी आई गेल्यावर तुझं बोचकं घेऊन तुला आम्ही जिथे आणून ठेवलं तीच. रंग फिका हिरवा. डब्यावर तरी फिका म्हणून लिहिलं होतं, भिंतीवर जरा जोरात बसलाय. खिडकीपाशी टेबल केलं, स्वतःच्या हाताने. एक पाय आखूड झाला म्हणून बाकीचे तीन कापले, मग दुसराच एक आखूड झाला. आता टेबल बुटकं आहे. पण तू तरी कुठे ताडमाड वाढलीयस?

जेवतो. रोज जेवतो. घर खायला उठतं वगैरे लोक म्हणतात, पण आपलं घर तीन खोल्यांचं, ते कुणाला खाणार आणि त्याचं पोट कितीसं भरणार?

पडदे निळे घेऊ की पांढरे ते कळव. दुकानदार माझ्या डोक्यावर बसलाय.

मामा


जहाजावरून,
१६ जानेवारी

मामा,

पडदे पांढरे घे.

उत्तराला उशीर झाला, कारण म्हशीने पहिल्याच खोल बुडीत दगा दिला. आठशे मीटरवर पडद्यावर लाल अक्षरं आली. केबलच्या टोकाला, जिथे ती यंत्राला जोडलेली असते, तिथे पाणी शिरलं होतं. मग तिला वर ओढलं, केबलचं टोक कापून टाकलं, आतल्या तारा पुन्हा एकेक करून जोडल्या आणि त्यावर राळेसारखं रसायन ओतलं. ते घट्ट होईपर्यंत तिला कुणी बोटही लावायचं नाही. सगळं जहाज आजाऱ्याच्या खोलीबाहेर थांबल्यासारखं पाय न वाजवता फिरत होतं. आज दोन हजार मीटरपर्यंत गेलो आणि सुखरूप परत आलो. जोडीदार, म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीतला दुसरा चालक, विंचवाल्याच्या गळ्यातच पडला.

मी नाही कुणाच्या गळ्यात पडले. तू ओळखतोसच मला.

खाली जायला तास न् तास लागतात. दिव्यांच्या उजेडात पांढरे कण वरवर जाताना दिसतात, बाकी सगळं काळं. बाहेर ऊन आहे की पाऊस, तेही कळत नाही. इतकं एकटं मला दुसरीकडे कुठेच वाटत नाही. पण त्याचा त्रास होत नाही, हे कसं सांगावं ते मला कळत नाही.

आमच्या प्रमुखांनी विचारलं, चाचण्या झाल्यावर म्हैस लांबच्या मोहिमांवर जाणार, मुख्य चालक म्हणून कायमची येतेस का. वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रावर. मी नाही म्हणाले. म्हणजे म्हणणार आहे. महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे.

घुमी


घरून,
१८ जानेवारी

घुमे,

पडदे लावले. हिरव्या भिंतीला पांढरे पडदे म्हणजे दवाखाना झालाय, पण तू सांगितलंस म्हणून लावले. आता पेशंट तेवढा यायचा बाकी आहे.

वरच्या मजल्यावरच्या वहिनी खोली बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, "भाची येणार म्हणून तुम्ही दहा वर्षांनी लहान झालात." मी म्हटलं, कसली भाची नि काय, भिंतीला ओल आली होती म्हणून रंग काढला. त्या हसल्या. बायकांना काही सांगायची सोय नाही.

खरं सांगायचं तर सकाळी उठून काहीतरी करायला असलं की बरं वाटतं. काल तुझ्या कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल दिलं, आता दार आवाज करत नाही. म्हणजे करत असेल, मला ऐकू येत नाही.

ते कायमच्या जागेचं तू लिहिलंयस. नाही म्हणणार आहेस ना, मग कळवून टाक, लोकांना ताटकळत ठेवू नये. की ताटकळत ठेवण्यासारखं काही आहे?

मामा


जहाजावरून,
२० जानेवारी

मामा,

ताटकळण्यासारखं काही नाही. प्रमुख घाईत असतात, निवांत वेळ मिळाला की सांगीन.

परवा सहा हजारची बुडी आहे. खाली जाताना चालवायला मी. किनाऱ्यावरच्या ऑफिसने घरच्या माणसांना बोलावलं आहे. तिथल्या सभागृहात मोठ्या पडद्यावर सगळं थेट दाखवणार, तुझ्या नावाचा पास टपालाने पाठवलाय. पण खरं सांगते, दमशील. तीन तास काळं पाणीच दिसेल. मधूनमधून मी खोली सांगीन, तेवढाच माझा आवाज. तळ आला की मात्र बघण्यासारखं असतं. दोन्ही हातांनी मातीचा नमुना घ्यायचा आणि आधी टाकलेलं एक कडं शोधून उचलायचं.

गुडघा दुखत असेल तर नको येऊस. मी रागावणार नाही.

खोलीबद्दल वाचून छान वाटलं. खूप छान वाटलं.

घुमी


घरून,
२४ जानेवारी

घुमे,

अभिनंदन! पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्यात, म्हैस पास झाली म्हणून. तुझं नाव नाही, पण मला ठाऊक आहे ना. वरच्या वहिनींना वाचून दाखवलं. कापून ठेवलंय.

सभागृहात काही येणं झालं नाही. गुडघ्याने ऐन वेळी दगा दिला. बसमध्ये चढायचं, उतरायचं, परत चढायचं, नको वाटलं. पास वाया गेला, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

दुसरी एक गोष्ट आहे, ती सरळच सांगतो. तुझी खोली मी भाड्याने दिली. एक गृहस्थ आले, दातांच्या कवळ्या बनवतात. एकटा माणूस, निर्व्यसनी, नीटनेटका. मला सोबत हवी होती, त्याला जागा. रंग बघून लगेच हो म्हणाला. तेव्हा तू आता बदलीबिदलीच्या भानगडीत पडू नकोस. इथे आलीस तर तुला बाहेरच्या खोलीत कॉटवर झोपावं लागेल, आणि ते काही बरं दिसणार नाही.

तब्येतीला जप.

मामा


जहाजावरून,
२५ जानेवारी

मामा,

तुझं पत्र वाचलं. जोडीदाराने विचारलं, घरी सगळं ठीक ना, मी हो म्हटलं आणि डेकच्या मागच्या बाजूला जाऊन बसले.

दोन आठवडे तू मला रंग कळवतोस, पडदे कळवतोस, बिजागऱ्या कळवतोस, आणि मग कुणी कवळ्यावाला येतो आणि त्याला खोली देऊन मोकळा होतोस? मला एका ओळीने विचारावंसं वाटलं नाही? ती माझी खोली आहे असं तूच लिहिलं होतंस. आई गेल्यानंतर मला माझी म्हणता येईल अशी तेवढी एकच जागा होती.

तुला सोबत हवी होती तर मी येतच होते ना. की मी येऊन काय उपयोग, ही तर तोंडाला कुलूप लावून बसते, असं वाटलं? तसं वाटलं असेल तर तसं लिही. कवळ्या कशाला मध्ये आणतोस?

इथे सगळे आनंदात आहेत. काल केक कापला. मी दोन घास खाल्ले आणि झोपायला गेले.

घुमी


घरून,
२६ जानेवारी

घुमे,

रागावलीस. रागाव. तुझ्या रागाला शब्द तरी फुटले, नाहीतर लहानपणी राग आला की तू कॉटखाली जाऊन बसायचीस आणि तुझी मामी ताट घेऊन जमिनीवर आडवी व्हायची.

तुझ्याबद्दल मला तसलं काहीही वाटलेलं नाही. माणूस चांगला मिळाला, एवढंच. सकाळी पाच मिनिटं गुळण्या करतो. त्या मलासुद्धा ऐकू येतात, म्हणजे बघ. खिडकीतल्या टेबलावर त्याने कवळ्या ओळीने मांडून ठेवल्यात, मी झाडायला गेलो की सगळ्या माझ्याकडे बघून हसतात. टेबल बुटकं आहे म्हणून त्याची तक्रार नाही. संध्याकाळी आम्ही पत्ते खेळतो. लबाडी करतो, पण सोबत आहे. माझं अगदी मजेत चाललंय.

तेव्हा तू त्या प्रमुखांना होकार कळवून टाक. महिना संपत आला. मुख्य चालक होणं म्हणजे काही खायचं काम नाही. मी लोकांना सांगीन, आमची पोरगी समुद्राच्या तळाशी लिफ्ट चालवते.

मामा


जहाजावरून,
२९ जानेवारी

मामा,

तुझ्याकडे भाडेकरू नाही.

किनाऱ्यावरच्या ऑफिसातल्या बाईंचं पत्र आलं. अभिनंदन केलं आणि लिहिलं, "तुमचे मामा अगदी पुढच्या रांगेत होते. आम्ही खुर्च्या उचलायला लागलो तरी बसून होते." आणि मग खाली, फार जपून, की खाली जाताना बराच वेळ माझा माइक किनाऱ्याकडे उघडा राहिला होता.

कसं झालं ते मी शोधलं. टेबलाखाली पायाने दाबायची दोन बटणं असतात. एक विंच आणि जहाजासाठी, दुसरं किनाऱ्यासाठी. दोन हजार मीटर झाल्याचं मी सांगितलं, पाय उचलला, आणि जहाज कललं तशी हत्यारांची पिशवी सरकून त्या दुसऱ्या बटणावर जाऊन बसली. जोडीदार तेव्हा विंच बघायला बाहेर गेला होता. जहाजावर किनाऱ्याचा आवाज कुणी ऐकत नाही, त्यामुळे मला कोण सांगणार?

एकटी असले की मी बोलते, मामा. सगळेच चालक बोलतात. कुणी गाणी म्हणतं, कुणी यंत्राला शिव्या घालतं. मी तुझ्याशी बोलते.

काय बोलले ते मला आठवतंय. मला घरी यायचं नाही, असं म्हणाले. तू रंग दिलास, टेबल केलंस, आणि ते वाचताना मला घाम फुटतो, असं म्हणाले. मामी गेल्यापासून त्या घरात आपण दोघं एकमेकांना जपत बसतो, तू माझ्यासाठी बरा असतोस आणि मी तुझ्यासाठी, आणि दोघांपैकी एकही रडत नाही, मला तिथे श्वास घेता येत नाही, असंही म्हणाले. आणि तू पुढच्या रांगेत बसला होतास.

ते खोटं नाही, म्हणून ते मागे घेत नाही. पण तू एकटा राहावास असंही मला वाटत नाही. मला तुझी इतकी आठवण येते की काळ्या पाण्यात तास न् तास मी तुलाच सांगत बसते. या दोन गोष्टी एका ठिकाणी कशा ठेवायच्या ते मला कळत नाही. प्रमुखांना परवा उत्तर द्यायचं आहे. तू एकदा खरं सांग. कवळ्या नकोत.

घुमी


घरून,
३० जानेवारी

घुमे,

नाही. भाडेकरू नाही. हा माणूस मला दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत तोंड वासून बसलेला असताना सुचला. गेले काही दिवस त्याला पोसता पोसता माझ्या नाकी नऊ आले. पत्त्यांचं लिहिलं तेव्हा मलाच त्याचा हेवा वाटला.

खरं विचारलंस, तर खरं हे आहे. मला तू यायला हवी होतीस. रंग देताना, टेबलाचे पाय कापताना मी पुष्कळ दिवसांनी माणसात आलो होतो. तू होकार दिलास की मला एकटं वाटणार, आताही वाटतं. संध्याकाळी दिवा लावायला उठतो आणि कुणासाठी लावायचा म्हणून पुन्हा बसतो. लोक घराबद्दल जे म्हणतात ते बरोबर आहे, मी उगाच थट्टा केली.

पण तू आलीस, आणि त्या खोलीत गप्प बसलीस, आणि मी या खोलीत गप्प बसलो, तर त्याने माझं एकटेपण जाईल असं जे मला वाटत होतं, ते आता वाटत नाही. मामीसाठी मी रडलो नाही हे तू बरोबर ओळखलंस. तुझ्यासमोर नको म्हणून थांबलो होतो. तू माझ्यासमोर नको म्हणून थांबलीस. वेडेच आहोत दोघं.

तेव्हा उद्याच्या उद्या होकार दे. मनापासून सांगतोय, रुसून नाही. सुट्टीत ये, त्या दवाखान्यात झोप. खोलीत कुणी नाही आणि कुणाला देणारही नाही. माझं काय होईल ते मला ठाऊक नाही. वरच्या वहिनींनी वाचनालयात येता का म्हणून विचारलंय, जाईन बहुतेक. आणि तू मला लिहीत जा. रंग आणि हवापाण्याचं नको, तसलं लिही, जसं त्या दिवशी बोललीस.

सभागृहाचं तुला कळायला हवं. तासभर काळं पाणी बघून लोक कंटाळले आणि बाहेर चहाला गेले. माझा गुडघा खरंच दुखत होता म्हणून मी उठलो नाही. पडद्याच्या दोन्ही बाजूंना कपाटाएवढे स्पीकर होते. आणि एकदम तू बोलायला लागलीस. घुमे, कान गेल्यापासून मला तुझा आवाज इतका स्वच्छ कधी ऐकू आला नव्हता. पहिलं वाक्य लागलं मला. खोटं कशाला बोलू, छातीत लागलं. पण तू थांबली नाहीस. मामीच्या हातातल्या बांगड्यांबद्दल बोललीस, शाळेतल्या कुठल्या मुलीबद्दल बोललीस जी तुला चिडवायची आणि जिचं तू आम्हाला कधीच सांगितलं नव्हतंस, मी लिफ्टच्या खोलीतून तेलकट हातांनी यायचो तेव्हा तुला कसं वाटायचं ते बोललीस. इतकी वर्षं एका घरात राहून तू माझ्याशी एवढं बोलली नव्हतीस.

तेवढ्यात त्या ऑफिसातल्या बाई धावत आत आल्या. त्यांच्या लक्षात आलं होतं की काहीतरी चुकलंय. मला हात जोडले, म्हणाल्या, "माफ करा, चुकून लागलंय, मी बंद करते."

"राहू द्या," मी म्हणालो, "ती माझ्याशी बोलतेय."

मामा